खुराड्यात मरतूक लागली की औषधाआधी काय बघावं

मेलेल्या कोंबडीचा तुरा निळा दिसला की रोगाचं नाव सांगणारे दहा जण भेटतात. पण हृदय थांबलं की रक्त साकळतं आणि कशानेही मेलेल्या कोंबडीचा तुरा निळा-जांभळा होतो. जिवंत असताना तुरा निळा पडला होता का, एवढाच प्रश्न कामाचा. पोटाची कातडी हिरवट दिसते, तीही बहुधा कुजण्याची सुरुवात असते. उकाड्यात त्याला काही तास पुरतात. ज्या कुशीवर कोंबडी पडली होती त्या बाजूचं मांस लालसर दिसतं, तेही मेल्यानंतरचंच.

परसातल्या मरतुकीचं कारण सहसा कळत नाही, त्यामागे दोन अडचणी आहेत. कोंबडी आजार लपवते, कारण अशक्त दिसणाऱ्या पाखराला कळप टोचून काढतो. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली दिसेपर्यंत तिचा आजार बरेचदा काही दिवस जुना झालेला असतो. दुसरी अडचण लक्षणांची. सुस्ती, हगवण, धाप, लंगडणं, वाकडी मान, फिका तुरा, अंडी कमी होणं, एवढीच काय ती यादी. कारणं मात्र डझनावारी. त्यामुळे लक्षण सांगून औषध विचारणं म्हणजे ताप आहे एवढंच सांगून गोळी मागण्यासारखं आहे. मरतुकीची चाल, मेलेल्यांचं वय आणि मेलेलं पाखरू, या तीन ठिकाणी खरी माहिती असते.

आधी मोजा

एका कागदावर रोजची तारीख घालून पाच आकडे लिहा: किती मेल्या, त्यांचं वय किती, खाद्य किती ग्रॅम उठलं, पाणी किती लिटर संपलं, अंडी किती मिळाली. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते आणि वजनाच्या हिशेबाने त्याच्या दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. बऱ्याच आजारांत मरतुकीच्या एक-दोन दिवस आधी खाद्य आणि पाणी घटतं, पण मोजत नसाल तर ते नजरेला दिसत नाही. कागदाच्या मागच्या बाजूला गेल्या १४ दिवसांत काय बदललं ते लिहा: खाद्याची नवी गोणी, नवी पाखरं, शेजारच्या पिकावरची फवारणी, उंदरांचं विष, पाऊस, लस, दुसऱ्या कळपातून कोणी येऊन गेलं का, खुराड्याला नवा रंग किंवा नवी जाळी.

आता चाल बघा. महिना-दोन महिन्यांत एखादी मोठी कोंबडी मेली आणि बाकीच्या टणटणीत असतील, तर तो बहुधा त्या एकटीचा आजार असतो: अंडं अडकणं, पोटात बलक सांडून होणारा संसर्ग, यकृतावर चरबी चढून झालेला रक्तस्राव, गाठी. दोन वर्षांपुढच्या कोंबड्यांत हे चालतंच, त्यासाठी सगळ्या कळपाला औषध पाजू नये. रोज एक-दोन करत आठवडाभर मरत असतील तर संसर्ग, कोक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवीमुळे होणारी हगवण) किंवा अंगावरचे कीटक यांचा विचार करा. एका रात्रीत किंवा एका दुपारीत अनेक मेल्या तर विषबाधा, उष्णता, कोंडलेल्या धुराची बाधा किंवा अतितीव्र विषाणू.

उष्णतेची मरतूक ओळखायला सोपी. तापमान ३५ अंशांच्या पुढे, मरण दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी, आणि मेलेल्यांत सगळ्यात जड, सगळ्यात चांगल्या अंगाच्या कोंबड्या आधी. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वर जायला जागा फार थोडी.

ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, पिल्लं एकाएकी मेली तर दिवा बघा. काही हीट बल्बवर न चिकटणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर असतो; तो तापला की निघणारी वाफ पक्ष्यांची फुप्फुसं काही मिनिटांत निकामी करते, माणसाला वासही येत नाही. नव्या बल्बच्या खोक्यावर हे तपासून घ्यावं.

वयाने निम्मी यादी गळते

पहिल्या आठवड्यात मरणारी पिल्लं बहुधा बेंबीचा संसर्ग, पाणी न मिळणं किंवा थंडी याने जातात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर ऊब कमी आहे, भिंतीला चिकटली तर जास्त.

तीन ते आठ आठवड्यांत कोक्सिडिओसिसचा पहिला नंबर. तीन ते सहा आठवड्यांत गंबोरो हा विषाणूचा आजारही येतो: पांढरट पातळ शीट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतुकीचा कळस, मग आठवड्याभरात आपोआप ओसरते. तिथे दिलेल्या औषधाला बरं करण्याचं श्रेय फुकट मिळतं, आणि तेच औषध पुढच्या वेळी भलत्याच आजारात वापरलं जातं.

दीड महिन्यापासून पुढे, विशेषतः तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर येण्याच्या सुमाराला, मरेक, म्हणजे नसा जाड करणारा आणि गाठी आणणारा विषाणूचा आजार. परसातल्या कोंबड्यांच्या शवविच्छेदनात तो फार वेळा सापडतो आणि मालकाच्या यादीत फार कमी वेळा असतो. एक पाय पुढे, एक मागे अशी पसरलेली बैठक, वजन उतरणं, कधी डोळ्याची बाहुली वेडीवाकडी होऊन बुबुळ राखाडी पडणं. त्याच्यावर औषध नाही.

आणि एक घरगुती चूक. अंड्यावरच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पाखराला एक टक्का पुरतं. एकच गोणी सगळ्यांना घातली की तलंगांची मूत्रपिंडं झिजतात. काही आठवड्यांनी एखादी मरते, पोट उघडल्यावर हृदयावर आणि यकृतावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. तो संसर्ग नसतो, युरिक आम्ल असतं. कळपात लहानमोठी पाखरं एकत्र असतील तर सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना गरज आहे त्या खातात.

मान वाकडी म्हणजे मानमोडीच, असं नाही

आपल्याकडे राणीखेत या विषाणूच्या रोगाला मानमोडी म्हणतात, आणि या नावानेच घोळ केला आहे. मान वाकडी दिसली की निदान झालं! पण मान आधी हातात घेऊन बघा: ती ताठ पिळलेली आहे की लुळी?

राणीखेतमध्ये मान पिळते, झटके येतात, तोंड वर किंवा मागे वळतं. त्याआधी किंवा सोबत हिरवी पातळ शीट, तोंड उघडून श्वास, पंख-पाय लुळे पडणं आणि कवच पातळ झालेली अंडी. लस नसलेल्या कळपात हा झपाट्याने पसरतो, चार-सहा दिवसांत निम्म्याहून जास्त पाखरं जाऊ शकतात. जी वाचतात त्यांतल्या काहींची मान आठवडेच्या आठवडे तशीच राहते.

मान अगदी सैल, ओल्या फडक्यासारखी जमिनीला टेकलेली, आधी पाय मग पंख मग मान आणि पापण्या असं वर चढत गेलेलं लुळेपण, पिसं ओढली की सहज हातात येणारी, ही बोटुलिझमची, म्हणजे कुजक्यातल्या जंतूंच्या विषबाधेची खूण. कुठेतरी झुडपात मेलेला उंदीर किंवा कोंबडी कुजत असते, तिच्यातल्या अळ्यांत विष साठलेलं असतं आणि कोंबड्या त्या अळ्या आवडीने टिपतात. अशा वेळी औषधाची बाटली शोधण्यात वेळ घालवू नका, मेलेलं जनावर शोधा. सापडलं नाही तर ओलं कुजलेलं खाद्य आणि सडक्या पाल्याचा ढीग उचला. हलकी बाधा झालेली पाखरं सावलीत ठेवून थोडं थोडं पाणी पाजलं तर काही दिवसांत उठतात. मान धरून ठेवावी लागते, नाहीतर पाणी श्वासनळीत जातं.

दोन ते चार आठवड्यांचं पिल्लू मागे मान टाकून आकाशाकडे बघत बसलं असेल किंवा तोल जाऊन उलटं पडत असेल, तर थायमिन (बी-१) किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. खवट तेलकट वास येणारं जुनं खाद्य ई जीवनसत्त्व आधीच खाऊन बसलेलं असतं. एकटीचीच मान वाकडी, बाकी कळप ठीक, तर डोक्याला मार किंवा कानाचा संसर्ग. मरेकनेही मान लुळी पडते, पण तिथे वय आणि पायांची बैठक साक्ष देते.

न उघडण्याची वेळ

एक-दोन दिवसांत बरीच पाखरं मेली, डोकं-डोळे सुजले, जिवंतपणीच तुरा जांभळा झाला, पायांवर रक्ताचे डाग दिसले, किंवा जवळपास रानपक्षी-बदकं मरून पडली असतील, तर बर्ड फ्लू समजून चाला. पाखरू उघडू नका, सोलू नका, कुत्र्या-मांजरांना मिळू देऊ नका, कोणालाही जिवंत कोंबडी देऊ नका. सरकारी पशुवैद्यकाला लगेच कळवा. हा कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. राणीखेत आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. अशा कळपात हात घातलेल्या माणसाला पुढच्या १० दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना कोंबड्यांबद्दल आधी सांगावं.

मेलेलं पाखरू प्रयोगशाळेपर्यंत

इतर वेळी पहिलं काम शवविच्छेदनाचं. पाखरू सापडताच साबणाच्या थंड पाण्यात बुडवून पिसं मुळापर्यंत भिजवा. कोरडी पिसं आतली ऊब धरून ठेवतात आणि फ्रीजमध्येही आतून कुजत राहतं. मग दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून ४ अंशांच्या आसपास, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळं ठेवा. डीप फ्रीजरमध्ये घालू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं काही उरत नाही. २४ तासांत पोचवा, फार तर ४८. तेवढ्यात जमणारच नसेल तर मात्र कुजवण्यापेक्षा गोठवणं बरं, निदान विषाणूची चाचणी होऊ शकते. सोबत एखादं नुकतं आजारी पडलेलं, औषध न दिलेलं जिवंत पाखरू गेलं तर निदानाची शक्यता खूप वाढते. आणि तो कागद न्या, पाच आकड्यांचा. खाद्याचा अर्धा किलो नमुना कागदी पिशवीत भरून बाजूला ठेवा, कारण बुरशीचा संशय आला तेव्हा गोणी संपलेली असते.

प्रयोगशाळा हाताशी नसेल तर स्वतः उघडता येतं. हातमोजे, एन-९५ मास्क, उघड्यावरचं टेबल, धारदार कात्री. कापण्याआधी बाहेरून बघा. छातीच्या हाडावर बोट फिरवा: सुरीच्या धारेसारखं लागलं तर आजार आठवड्यांचा जुना, दोन्हीकडे मांस भरलेलं असेल तर मरण झटपट आलं. चोच उघडून घशात पिवळट पापुद्रे आहेत का पाहा. कोंबड्यांच्या देवीचा ओला प्रकार तिथेच बसतो आणि श्वास कोंडतो. गुदद्वाराभोवतीची पिसं, पंखाखाली उवा, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीची सूज, तळवे.

पिसं ओली करून पाखरू पाठीवर ठेवा, दोन्ही मांड्या बाहेर दाबून सांधे मोडा म्हणजे ते हलत नाही. छातीच्या हाडाच्या टोकाखाली आडवा काप, दोन्ही बाजूंच्या फासळ्या कापत वर जा, छाती झाकणासारखी उचला. हवेच्या पिशव्या साबणाच्या फुग्यासारख्या पारदर्शक हव्यात. दुधट, दह्यासारखे थर असतील तर मायकोप्लाझ्मा (श्वसनाचा जिवाणू) आणि त्यावर चढलेला ई. कोलाय हा दुसरा जिवाणू. यकृताची कडा पातळ, टोकदार हवी. कडा गोल झाली म्हणजे सुजलं. पित्ताशयाला टेकलेला यकृताचा भाग हिरवा असतोच, त्याने घाबरू नका. यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके कोंबड्यांचा कॉलरा किंवा साल्मोनेला हे जिवाणूंचे आजार सुचवतात, राखाडी-पांढऱ्या गाठी मरेक किंवा ल्युकोसिस (गाठी आणणारा दुसरा विषाणूचा आजार). यकृत पिवळं, लोण्यासारखं तुटणारं आणि त्यावर रक्ताची गोठळी, अशी लठ्ठ, भरपूर अंडी देणारी कोंबडी चरबीने गेलेली असते. पोटभर न गोठलेलं रक्त दिसलं तर उंदराचं विष आठवा. ते खाल्ल्यावर मरण लगेच येत नाही, काही दिवसांनी येतं, म्हणून संबंध लागत नाही. पोटात पिवळा, शिजलेल्या बलकासारखा चोथा असेल तर ती अंड्याच्या संसर्गाने मेली.

ग्रंथिमय जठर (पेठ्याच्या आधीचं) उभं चिरा; आतल्या बारीक ग्रंथींच्या टोकांवर रक्ताचे ठिपके राणीखेतचा संशय देतात, बर्ड फ्लूचाही. तिथेच थांबा, हात धुवा, कळवा. पेठा चिरून आतला माल ताटलीत धुवा: तारेचे तुकडे, रंगाचे पोपडे, शिशाचे गोळे सापडतात. शेवटी मांडीच्या आतल्या स्नायूंमधली पांढरी नस दोन्ही बाजूंना शोधून शेजारी शेजारी बघा. निरोगी नसेवर बारीक आडव्या रेघा दिसतात. एक बाजू जाड, राखाडी-पिवळी, रेघा पुसलेली असेल तर मरेक. प्रत्येक पायरीला शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, पशुवैद्यकाला वर्णनापेक्षा ते उपयोगी पडतात.

उरलेलं किमान एक मीटर खोल पुरा, वर चुना, विहिरीपासून दूर.

औषध कुठे चुकतं

औषध दिल्यावर नमुन्यातून जंतू वाढत नाहीत, म्हणून नमुना आधी. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. आजारी पाखरू पाणी पीत नाही, त्यामुळे पाण्यातलं औषध बऱ्याच वेळा निरोगी पाखरंच पितात. आजाऱ्याला वेगळं काढून ड्रॉपरने द्यावं लागतं. उरलेल्या निम्म्या पुड्या, दोन प्रतिजैविकं एकत्र, दोन दिवसांत बंद केलेला कोर्स, या तिन्हींनी पुढच्या वेळचं औषध बोथट होतं. दिलेल्या औषधाच्या पाकिटावर अंडी-मांस न खाण्याची मुदत असते, ती पाळायचीच.

कोक्सिडिओसिसला मात्र थांबू नये. तुऱ्याचा रंग उडालेली, पंख गळलेली पिल्लं आणि शिटेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी ॲम्प्रोलियम. शिटेत आतड्याचा गुलाबी पापुद्रा कधीतरी येतो तो निरोगीपणातही चालतो, आणि आठ-दहा शिटांमागे एक चॉकलेटी, चिकट, घाण वासाची शीटही नेहमीचीच. तीव्र लागण असेल तर पाण्यात ॲम्प्रोलियम ०.०२४ टक्के, म्हणजे २० टक्क्यांची पूड लिटरला १.२ ग्रॅम, ३ ते ५ दिवस, मग ०.००६ टक्के, लिटरला ०.३ ग्रॅम, एक ते दोन आठवडे. चमच्याचा अंदाज चालणार नाही, दागिन्यांचा छोटा काटा घ्या. या काळात दुसरं पाणी ठेवू नका, रोज ताजं मिसळा, आणि बी जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद ठेवा: ॲम्प्रोलियम थायमिनसारखं भासून परजीवीला उपाशी मारतं, टॉनिक दिलं की त्यालाच अन्न मिळतं. नुसत्या औषधाने हे संपत नाही. शिटेतली परजीवीची अंडी उबदार ओल्या भुशात एक-दोन दिवसांत संसर्ग करण्याजोगी होतात आणि नेहमीची जंतुनाशकं त्यांना फारसं काही करत नाहीत. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज काढा, भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा.

लस दिली होती, तरी मेल्या

हे वाक्य राणीखेतच्या बाबतीत फार ऐकू येतं, आणि चूक बहुधा पाण्यात असते. पाण्यातून द्यायची जिवंत लस क्लोरीनने मरते. क्लोरीन नसलेलं पाणी घ्या, लिटरला २.५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पूड मिसळून १५-२० मिनिटं थांबा, मग लस घाला. लस देण्याआधी एक-दोन तास कोंबड्यांसमोरचं पाणी काढून ठेवा म्हणजे दोन तासांत सगळी लस पिऊन संपेल. लस बर्फातून घरी येईपर्यंत गरम झाली असेल तर हे सगळं करूनही उपयोग नाही. संरक्षण यायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून लागण झाल्यावर दिलेली लस आजारी पाखराला वाचवत नाही. मरेकची लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते. ती गाठी आणि लुळेपण रोखते, विषाणू अंगात शिरण्याला पुरतं अडवत नाही. त्यामुळे लस दिलेली पिल्लंही पहिले काही आठवडे मोठ्या कोंबड्यांच्या जागेत सोडू नयेत.

रात्री टॉर्च घेऊन

फिके तुरे, घटलेली अंडी, खुराड्यात जायला कुरकुरणाऱ्या कोंबड्या आणि खुडूक बसलेली अचानक मेलेली सापडणं. दिवसा पाखरू तपासलं तर काहीच सापडत नाही, कारण लाल कोळी दिवसा फटींत असतो आणि रात्री रक्त प्यायला येतो. अंधार पडल्यावर दोन तासांनी पांढरं फडकं दांड्यांच्या खालच्या बाजूने पुसा. लाल ठिपके उमटले तर कारण सापडलं. फवारणी पाखरांवर करण्याआधी फटींत, दांडीच्या टोकांत, अंडी घालायच्या खोक्यांच्या कोपऱ्यांत हवी, आणि ७ दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी अंड्यांतले वाचतात. रिकाम्या खुराड्यातही हे कोळी रक्ताविना कित्येक महिने तग धरतात.

नवी पाखरं आणायची तर ३० दिवस वेगळी ठेवा, वेगळी चप्पल, वेगळी भांडी, आणि रोज आधी जुन्यांचं काम, मग नव्यांचं. शेवटच्या दोन आठवड्यांत जुन्या कळपातली एक कमी महत्त्वाची कोंबडी त्यांच्यात सोडा. निरोगी दिसणारं पाखरू मायकोप्लाझ्मा किंवा कोरायझा (नाक वाहणारा जिवाणूचा आजार) जन्मभर वाहू शकतं. ते समोर येतं ते या एका कोंबडीचं नाक वाहू लागलं की. खुराडं धुताना आधी शीट-भुसा कोरडाच खरवडून काढा, मग साबणाने घासा, पूर्ण वाळू द्या, त्यानंतर जंतुनाशक. शिटेवर ओतलेलं ब्लीच शिटेतच संपतं.